न धुतलेली पाठ

संप सुरू झाल्यापासून बायकांचं पुढारपण वेरोनाकडे आपोआप आलं होतं. वस्तीत तिच्याइतका तोंडाचा पट्टा कुणाचाच चालत नसे. संप फोडणारे पहाटे तोंडाला काळं फासून, टोप्या नाकापर्यंत ओढून कोळशाच्या खाणीकडे निघत, कुणी ओळखू नये म्हणून. बायका वाटेच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून पातेली बडवत आणि चुलीतली राख फेकत. वेरोनाला आठवा महिना सरत आला होता, तरी ती सगळ्यांच्या पुढे.

“अरे, आईनं तरी ओळखावं की नको तुला?” ती ओरडायची. बायका हसायच्या. खाली मान घालून जाणाऱ्या त्या माणसांची तिला जराही कीव येत नसे, आणि का यावी? त्यांच्यामुळेच तर संप लांबत होता.

तिचा नवरा मातुश मात्र महिनाभर खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याकडे बटाटे काढायला जात होता. निदान तिला तसं सांगून जात होता. आठवडाभर बाहेर राहून शनिवारी तो पोतंभर बटाटे घेऊन, ओढ्यावर अंघोळ करून घरी येई.

त्या शनिवारी संध्याकाळी चर्चसाठीचा सदरा घालून बघायला त्यानं अंगातला काढला. त्याची पाठ काळीकुट्ट होती.

खाणीतले लोक पाठ कधी धूत नाहीत. पाठ धुतली की कंबरेतलं बळ जातं, असं त्यांचे बाप सांगून गेलेत, आणि एरवी कुणाच्या बापाचं न ऐकणारे हे गडी एवढं मात्र निमूट पाळतात. मातुशनं ओढ्यावर केस, कान, नखंसुद्धा घासली होती. पाठीला पाणी लावायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. संपात तीच पाठ उजळून गोरी झाली होती आणि वेरोनानं त्यावरून त्याची थट्टाही केली होती.

“बटाटे खाणीत पिकायला लागले वाटतं?” ती म्हणाली.

मातुश खाटेवर बसला. “मंगळवारी तू माझ्यावर राख टाकलीस. नाकातोंडात गेली. खोकलोसुद्धा नाही मी. आवाज ओळखशील म्हणून.”

वेरोनाला त्याला धरून बडवावंसं वाटलं आणि त्याच क्षणी जवळही घ्यावंसं वाटलं. “का केलंस असं?”

“मुकादम म्हणाला, कामावर ये, नाहीतर कंपनीची खोली खाली कर. तुझे दिवस भरत आलेत गं. रस्त्यावर बाळंत होणारेस का?”

“होईन.”

“तुला बोलायला काय जातंय!”

“आणि तुला जायला काय जातंय? उद्या या बायकांना मी कुठल्या तोंडानं उभं करू? सोमवारी गेलास तर मी तिथेच असेन, मातुश. तुझं नाव घेऊन ओरडेन.”

ती तसं करेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग तिनं पाणी तापवलं, साबण घेतला आणि त्याची पाठ घासायला लागली. ती काळी पाठ कुणाच्या नजरेला पडली असती तर वस्तीत त्याची धडगत नव्हती.

“नको, वेरोना. बळ जाईल.”

“जाऊ दे.”

तो रडत होता. ती घासत राहिली.

सोमवारी तो गेला नाही. बुधवारी कंपनीचे शिपाई आले आणि त्यांनी खाट, पाळणा, अजून गरम असलेली लोखंडी चूलसुद्धा उचलून रस्त्यावर ठेवली. चर्चमागच्या मैदानात युनियननं तंबू दिला. सप्टेंबरचा पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. जमिनीतून ओल वर यायची, गोधड्या वाळत नसत. तिथेच वेरोना बाळंत झाली. मुलगी झाली. तिचं नाव अपोलोनिया ठेवलं. बाप्तिस्मा होईपर्यंत ती जगली, मग छाती भरून ती गेली.

मातुशनं तिची शवपेटी स्वतः ठोकली. वेरोनाला तो एका शब्दानंही बोलला नाही. ती वाट बघत होती, की आज बोलेल, उद्या बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरात संप मिटला. पगार वाढला, कामाचे तास कमी झाले. बायका वेरोनाच्या तंबूत गोळा झाल्या. कुणी केक आणला होता, कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. मातुश कोपऱ्यात कुदळीला नवा दांडा बसवत होता.

शेजारच्या बार्बोरामावशीनं वेरोनाची अलाबला घेतली. “पोरी, तू होतीस म्हणून आम्ही टिकलो. आणि तुझा मातुश! बाकीच्यांचे पाय लटपटले गं, कुणाकुणाचे ते मला ठाऊक आहे. पण हा गडी एक दिवससुद्धा डगमगला नाही.”

मातुशचे हात थांबले.

वेरोनाला ओरडून सांगावंसं वाटलं, की डगमगला होता. माझ्या लेकीसाठी डगमगला होता, आणि मीच त्याला अडवलं. पण ते बोलली असती तर या वस्तीत त्याच्या पेटीला खांदा द्यायलाही कुणी आलं नसतं.

“नाही डगमगला, मावशी,” ती म्हणाली, आणि बार्बोराच्या कपात कॉफी ओतायला लागली.