देवीपुढचा लाल बल्ब

दुपारपर्यंत धनेशचं डोकं पार भंजाळलं. पनवेलच्या एसटी स्टँडमागे गाड्यांची वायरिंग करण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती, पण शिवाशेठच्या जीपचं बॉनेट उघडलं की अजूनही जीव दमायचा. जीप सोळा वर्षांची आणि शेठची हौस दांडगी. टपावर चार दिवे, तीन सुरांचा हॉर्न, मागे ट्रंकेएवढा स्पीकर, सीटखाली निळ्या पट्ट्या. प्रत्येक वस्तू वेगळ्या कारागिराने जोडलेली. नवरीच्या अंगावरही एवढे दागिने नसतात.

हल्ली जीप दोन दिवस उभी राहिली की बॅटरी झोपायची. गुरुवारी सकाळी तशीच झोपली आणि शेठच्या बायकोचं, शकूवहिनींचं, डायलिसिस चुकलं. उलव्यात घरापाशी दुसरी गाडी मिळेपर्यंत त्यांचा नंबर हुकला होता. आता पुढचं डायलिसिस उद्या सकाळी सातला. वहिनी समोरच्या बाकावर बसल्या होत्या, सुजलेले पाय चपलेबाहेर काढून.

"परत चुकला तर पानी छातीत चढंल, असा डॉक्टर बोलतो," शेठ हळूच म्हणाला. "काय पायजे ते काप. हॉर्न काप, लाइट काप. आमी काय बोलनार नाय."

धनेशने कापलं. किल्ली बंद असूनही करंट कुठेतरी जातच होता. प्रत्येक सांधा सोडवताना तो बांधणाऱ्याचा उद्धार करत होता. कुणी नुसतीच वायर पिळली होती, कुणी टेपच्या जागी चिकटपट्टी लावली होती. हॉर्न गेला, दिवे गेले, स्पीकर गेला. शेवटी त्याने सगळे फ्यूजही उपसले, तरी करंट मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा जागचा हलेना.

कंटाळून तो स्टिअरिंगमागे जाऊन बसला. समोर एकवीरा आई, तिच्यापुढे लाल बल्ब. सकाळी गाडीत चढताना त्याने तिला हात जोडले होते. देवीच्या दिव्याला कोण मेला अ‍ॅक्सेसरीत धरतो? पण किल्ली त्याच्या खिशात होती, फ्यूज बाहेर स्टुलावर होते आणि बल्ब जळत होता.

बल्बची वायर हाताने चाचपत तो बॅटरीपर्यंत गेला. सांध्यावर काळी टेप आणि वर पिवळ्या टेपचे दोन वेढे. असा सांधा अख्ख्या पनवेलमध्ये एकच माणूस बांधतो. सकाळपासून दिलेल्या शिव्या त्याच्याच पदरात पडल्या.

मग त्याला आठवलं. गणपतीच्या आधी शेठ चहाला गेला असताना वहिनी म्हणाल्या होत्या, किल्ली काढली तरी दिवा इजू देऊ नको. त्याने हाताला लागला तो मोठा बल्ब थेट बॅटरीला जोडून दिला. तेव्हा जीप रोज फिरायची म्हणून खपलं. आता ती फक्त दवाखान्यापुरती निघत होती.

स्पीकरवर खापर फोडलं असतं तर कुणाला कळलं नसतं. धनेशच्या ओठांवर ते आलंही होतं. तेवढ्यात वहिनी बॉनेटला धरत धरत जवळ आल्या.

"भाऊ, गुरुवारी दिवा इजलेला होता," त्या म्हणाल्या. "मला वाटला, आईनंच इजवला. यांना सांगितला नाय मी."

धनेशला स्वतःची लाज वाटली. "आईने नाही विझवला, वहिनी. चूक माझी आहे. मोठा बल्ब लावला मी, त्यानेच बॅटरी खाल्ली. तुमचं डायलिसिस माझ्यामुळे चुकलं."

वहिनींनी मोठा श्वास सोडला आणि तिथेच जीपच्या पायरीवर टेकल्या.

धनेशने जुना बल्ब काढून तांदळाएवढा एलईडी बसवला. मीटर शून्याजवळ आला.

"आता रात्रंदिवस जळू दे, बॅटरीला पत्ता लागणार नाही," तो म्हणाला. "दहा वर्षं जाईल हा."

"दहा नको रे भाऊ," वहिनी म्हणाल्या. "आमची वेणू बारावीला हाय. तिची परीक्षा होईपर्यंतचा टाइम मागितलाय मी आईकडं. मार्चपर्यंत जळू दे, बस झाला."

धनेशने पिवळी टेप घेतली आणि सांध्याला दोनाच्या जागी चार वेढे दिले.