पंखातले बारा बोल्ट

या मायबापहो, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट लहानशीच आहे, पण उद्धवरावांच्या काळजात अजून सलते. ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

कुरुळीत धम्मपालने घरामागच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान जुळवायला घेतलं होतं. सुटे भाग खोक्यांतून आलेले, जोडायचे आपण. त्याचे वडील नागसेन आणि शेजारचे उद्धवराव एकाच कंपनीतून निवृत्त झालेले. नागसेनला दम्याने उठवत नसे. खुर्चीत बसूनच देखरेख चाले. पोराने त्यांना वरून सगळं चाकण दाखवायचं कबूल केलं होतं.

कंपनीतली शिस्त इथेही होती. बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळून तपासायचा, मगच त्यावर पिवळा ठिपका. एकादशीला संध्याकाळी पंखाच्या मुळाशी असलेले बारा बोल्ट उद्धवरावांकडे होते, आणि तिकडे कीर्तनाची वेळ झालेली.

"जा राव," नागसेन हसले, "तुझ्यावाचून बुवा तोंड उघडायचे न्हाईत."

उद्धवरावांनी उरलेल्या चार-पाच बोल्टांवर नुसतेच ठिपके दिले. सकाळी आवळू, असं मनाशी म्हणाले. सकाळी येऊन बघतात तर धम्मपालने ठिपके पाहून बोल्ट झाकत पंखावर पत्रा ठोकायला घेतलेला. तेव्हाच बोलले असते तर तासाभराचं काम. पण कंपनीत बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या माणसाची जीभ उचलेना. रोज जायचे, पत्र्यात ठोकायचे रिव्हेट हातात द्यायचे, गप्प राहायचे. कीर्तनात बसले तरी टाळी चुकायची.

पंधरवड्याने पत्रा पुरा बसला. नागसेन म्हणाले, "आता मी वर, तू खाली भजन म्हण. उतरलो की चहा पाज."

उद्धवरावांनी तिथेच धम्मपालचे हात धरले आणि सगळं सांगून टाकलं.

धम्मपाल पंखाकडे वळला. "कोणते बोल्ट, काका?"

"आठवत नाही रे."

त्याने ड्रिल घेतलं आणि एकेक रिव्हेट काढला. दोन बोल्ट नुसत्या बोटांनी फिरले. त्यात पत्रा वाया गेला. नवा यायला अडीच महिने लागले. तेवढ्या काळात दम्याने नागसेन गेले.

पुढे विमान उडालं, शेजारची जागा रिकामी ठेवून.

"काका, तुम्ही बोलला नसता तर बाबा त्या सैल पंखाखाली बसले असते," धम्मपाल एवढंच म्हणतो. उद्धवरावांना ते पटतं, पण पुरत नाही. ती पहिली सकाळ त्यांना सोडत नाही; तेव्हाच बोलले असते तर नागसेन वर जाऊन आले असते.

तेव्हा मायबापहो, घरी गेल्यावर आपापल्या देवापुढे हात जोडाल, तेव्हा कुरुळीच्या नागसेनचं नाव घ्या. उद्धवराव रोज घेतात, पण एकट्याच्या तोंडून ते त्यांना फार थोडं वाटतं.