नळीखालचे तीन ठिपके

ओदीलने नळ्या दस्त्यापासून अलग केल्या आणि उलट्या करून भिंगाखाली धरल्या. सेंत-एत्येनच्या त्या गल्लीत बंदुका दुरुस्त करणारं तिचं एकच दुकान उरलं होतं. गास्पारला दुसरीकडे जायची सोयच नव्हती.

"काकाच्या माळ्यावर सापडली," तो म्हणाला. "आजची काडतुसं चालतील का, तेवढं सांग."

"तुझ्या काकाने आयुष्यात एक चिमणी तरी मारली होती का?"

"म्हणून तर नळ्या अशा ठणठणीत राहिल्या!"

दस्ता नवा होता, वरचा क्रमांक घासून काढलेला. खाली मात्र सगळं जागच्या जागी होतं. सरकारी चाचणीचा मुकुटाचा ठसा, आणि त्याच्याशेजारी काडतुसाच्या लांबीचा आकडा, ६५. म्हणजे जुनी, आखूड काडतुसं. हल्लीचं लांब काडतूस यात घातलं तर नळी तोंडावर फुटायची. ती हे सांगणारच होती, तेवढ्यात मुकुटाच्या आड तिला तीन ठिपके दिसले.

दुसऱ्या कुणालाही ते गंजाचे डाग वाटले असते. पण इथले जुने कारागीर पोटच्या पोरांसाठी बंदूक घडवली की आपली खूण अशी ठशांच्या आड ठोकत. तिच्या बापाने हे ठिपके दोनच बंदुकांवर ठोकले होते. एक तिच्या कपाटात होती. दुसरी घेऊन तिचा भाऊ रेमी या गास्पारबरोबर रानडुकराच्या शिकारीला गेला, तो परत आलाच नाही. जंगलात चुकामूक झाली, असं गास्पार गावभर सांगत राहिला. आई मरेपर्यंत रात्री दाराला कडी लावत नसे.

ओदीलने भिंग खाली ठेवलं. 

"चालतील," ती म्हणाली. "कुठलीही घाल."

"झकास! सोलेन नाचेल. नातीला परवाना मिळालाय, रविवारी पहिली शिकार. तिलाच देणार आहे."

सोलेन. एवढीशी होती तेव्हा रिकामी काडतुसं मागायला याच दुकानात यायची, मूठ भरून न्यायची.  गास्पारने नळ्या दस्त्याला जोडल्या, बंदूक काखेत मारली आणि तो दाराशी पोचला.

"थांब! नाही चालणार. पासष्टची आहे ती. नळी फुटेल, पोरीचं तोंड जाईल."

गास्पार वळला. चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं.

"आत्ता तर कुठलीही घाल म्हणालीस."

"नजर चुकली."

"तुझी?"

तो परत आला. त्याने नळ्या पुन्हा सोडवल्या, भिंग उचललं आणि ती पाहत होती तिथेच बराच वेळ पाहिलं. मग त्या जागेवरून सावकाश अंगठा फिरवला.

"हे काय आहे, ओदील?"

"गंज."

"हं," गास्पार म्हणाला. त्याने भिंग होतं तिथे नीट ठेवलं, दाराशी गेला आणि आतून कडी लावली.