पाचगणीचा कौल

मुंबईतल्या घोडपदेवच्या एका चाळीत कुठलीही गोष्ट आधी गॅलरीत ठरते आणि मग घरात. विनीत आणि त्याची बायको प्राची पाचगणीला राहायला जाणार, हे असंच गॅलरीत ठरलं. विनीतची आई मालन काही जायला तयार होणार नाही, हेही गॅलरीनेच ठरवून टाकलं. सहासष्ट वर्षांची बाई, लग्न होऊन आली ती याच खोलीत, नवरा गेला तोही याच खोलीतून, ती कशाला जाते डोंगरावर थंडी खायला? शेजारच्या शांतीने तर येऊन मालनचा हात हातात घेतला, काही काळजी करू नकोस, आम्ही आहोत म्हणाली आणि स्वतःचेच डोळे पुसले. मालनला मात्र कुणी काही विचारलं नाही.

विचारलं असतं तर तिची पंचाईतच झाली असती, कारण तिला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. पण चटकन हो म्हणावं तर लोक म्हणतील, नवऱ्याची खोली सोडायला टपूनच बसली होती. म्हणून ती गप्प राहिली, आणि गप्प बाईचं मन लोक आपापल्या सोयीने वाचतात.

या पाचगणीची गोष्ट जुनी होती. गिरणीचा संप चिघळला त्या साली तिच्या गिरणीकामगार नवऱ्याला, जयवंताला, पाचगणीतल्या एका बंगल्यावर राखणदाराची नोकरी सांगून आली होती. बंगल्याच्या मागे राहायला खोली मिळणार होती. जयवंत जाऊन बघून आला आणि आल्यावर त्या खोलीखेरीज दुसरं काही बोलेना. खिडकी उघडली की खाली दरी, आणि सकाळी ढग विचारल्याशिवाय आत येतात, असं सांगत होता. मालनने मनातल्या मनात भांडी बांधायलाही घेतली होती. पण सासूबाई म्हणाल्या, आधी देवाला विचारा.

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवगडकडे त्यांचं गाव. तिथे देवळात गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. देवाच्या उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर होय, डाव्या अंगाची पडली तर नाही. जयवंताच्या नोकरीला डावा कौल आला आणि विषय तिथेच संपला. पुढे जयवंत एका बँकेच्या दारात वॉचमन म्हणून उभा राहिला, विनीत झाला, शिकला, संसार सरळ झाला. तक्रार करावी असं काही घडलं नाही. तरी ती न पाहिलेली खोली मालनच्या डोक्यातून गेली नाही. चूल कुठल्या कोपऱ्यात मांडली असती, ढग आत आले की अंथरूण ओलं होतं का, रात्री दरीतून आवाज येतो तो कसला, असं काहीबाही तिला भाकरी थापता थापता सुचायचं. ते दुःख नव्हतं, नुसतं कुतूहल होतं. पण चाळीस वर्षं पोसलेलं कुतूहल अंगाला चिकटून बसतं.

आणि आता विनीत रोज संध्याकाळी पाचगणीचे व्हिडिओ लावून बसायचा. दोघांचंही काम घरून चालायचं. समोर टॉवर उभा राहत होता, त्याच्या धुळीने प्राचीचा खोकला हटत नव्हता. व्हिडिओत एक जोडपं लाकडी बाल्कनीत बसलेलं असे, हातात कॉफीचा मग, मागे धुकं, आणि आम्ही शहर सोडलं तेव्हा खरं जगायला लागलो, असं ती बाई हळू आवाजात सांगे. या व्हिडिओंतलं कुणी कधी भांडी घासत नाही, हे मालनच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

मग तिने विचारायला सुरुवात केली. धुकं पडलं की तिथली माणसं काय करतात? पावसाळ्यात कपडे कुठे वाळतात? सुट्टीवाले निघून गेले की मागे कोण उरतं? बांगडा मिळतो का, आणि मिळालाच तर कितव्या दिवसाचा? तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. विनीतला मात्र प्रत्येक प्रश्न म्हणजे पायात घातलेला खोडा वाटायचा. तो सुस्कारा टाकून प्राचीकडे बघायचा आणि प्राची म्हणायची, जाऊ दे रे, आईंचा जीव इथे अडकलाय. ती मूळची दादरची, शिवाजी पार्काजवळ वाढलेली, समजूतदार सून. समजूतदार माणसांना समजावणं फार कठीण.

शेवटी विनीतनेच तोड काढली. आईच्या देवालाच विचारू म्हणाला. उजवा आला तर आईला बोलायला जागा नाही. डावा आला तर काय, याचा विचार त्याने केला नव्हता. तसा तो कॉम्प्युटरवाला माणूस, पण बाईक घेतली तेव्हा चाकाखाली नारळ फोडल्याशिवाय तिला हात लावला नव्हता.

रविवारी सकाळी गावच्या रघू गुरवाला व्हिडिओ कॉल लावला. रघूने फोन समईला टेकवून उभा केला. गाभाऱ्यातला काळा पाषाण आणि त्याच्यावर चिकटवलेल्या जास्वंदीच्या लाल पाकळ्या छान दिसत होत्या. खोलीत शांती येऊन बसली होती. ती माझगावच्या कोळ्यांतली, तिला कौल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण फुकटचं देवदर्शन कोण सोडतो? रघूने प्रश्न घातला, की तुझी पोरं डोंगरावर बिऱ्हाड करतायत, तुझी मर्जी असेल तर उजवा दे. सगळे फोनकडे झुकले.

एक पाकळी सुटली आणि पडली. आणि तेवढ्यात चित्र थिजलं, कॉल तुटला.

"उजवीकडची पडली," विनीत म्हणाला. "प्राची, बघितलंस ना? उजवीकडची."

प्राचीनेही तेच बघितलं होतं. शांतीनेही. पडली होती उजवीकडचीच, पण ती बघणाऱ्यांची उजवी. देव आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे आपली उजवी ती त्याची डावी, हे गावच्या शेंबड्या पोरालाही कळतं. विनीत मुंबईत वाढला, त्याने कौल असा फोनवरच पाहिला. त्या खोलीत खरं काय झालं ते एकट्या मालनला कळलं. देवाने पुन्हा नाहीच म्हटलं होतं.

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने सांगायला तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली.

"देवाची मर्जी," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

खोटं ती बोलली नव्हती. नुसती खरं बोलली नव्हती. पण हा हिशोब स्वतःला पटवता पटवता तिचा चहा उतू गेला.

पुढचे दिवस मजेत जायला हवे होते. एजंटने घराचे फोटो पाठवले. मालनने चष्मा लावून ते पुन्हा पुन्हा पाहिले, खिडकी कुठल्या बाजूला उघडते ते विचारलं, ट्रंकेतून जयवंताचं जुनं स्वेटर काढून उन्हात घातलं. आईत एवढा बदल बघून विनीत चकित झाला. देवाचा केवढा आधार असतो नाही या पिढीला, असं तो प्राचीला सांगत होता. आणि इकडे मालन वेगळाच विचार करत बसायची. विनीत पाचगणीच्या वाटेवरचा पसरणीचा घाट बाईकवरून चढणार म्हणत होता. त्या घाटात काही बरंवाईट झालं तर? देवाने सांगितलं होतं आणि मी गिळून बसले, असं म्हणत जन्म काढायचा? स्वतःच्या हौसेसाठी पोराला पणाला लावणारी आई तिने आजवर पाहिली नव्हती, आणि आता ती आपणच की काय, अशी तिला धास्ती वाटू लागली.

अशात एका दुपारी रघूचा फोन आला. प्राची कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती, म्हणून मालन गॅलरीत जाऊन बोलली.

"वैनी, त्या दिवशी नेटवर्क गेला," रघू म्हणाला. "कौल डावो पडलो हां."

"बघितलंय मी."

"मगे पोरांक सांगलंस?"

"नाय."

रघू ओरडला नाही. तो एवढंच म्हणाला, की देव आडवो नसता वैनी, प्रश्न आडवो असता. प्रश्न फिरवून पुन्हा विचारता येतो, तशी रीतच आहे. पण पोरांपासून लपवून नको. मालनला ते पटलं. तिला नेहमी शहाणी गोष्ट लगेच पटायची, करायला तेवढा वेळ लागायचा.

त्याच संध्याकाळी तिने चहाचे कप पुढे ठेवले आणि सगळं सांगायला घेतलं. देवाची उजवी कुठली, आपली कुठली, पाकळी कुठली पडली आणि ती का गप्प बसली. शेवटचं सांगायच्या आतच विनीतने कप खाली ठेवला.

"म्हणजे सामान बांधायची वेळ आली तेव्हा तुला हे आठवलं," तो म्हणाला. "आई, तुला यायचंच नव्हतं तर सरळ सांगायचं ना. देवाला कशाला मध्ये घातलंस?"

आता मात्र मालनचं टाळकं सरकलं. गप्प बसलं तर नकार, प्रश्न विचारले तर नकार, खरं सांगितलं तर तोही नकारच.

"मला जायचंय," ती म्हणाली. "तुमच्या दोघांच्या आधीपासून जायचंय. तू जन्मालाही आला नव्हतास तेव्हापासून."

मग तिने ती नोकरी, तो बंगला, ती मागची खोली, सासूबाईंनी लावलेला कौल, सगळं सांगितलं. वडिलांना पाचगणीत नोकरी मिळत होती हे विनीत आज पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने काही विचारलं नाही. विचारलं ते प्राचीने. ती खुर्ची ओढून जवळ आली.

"आई, त्या खिडकीबद्दल बाबांनी अजून काय सांगितलं होतं?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मालनला कुणी विचारला नव्हता. ती सांगत बसली. ढगांचं, थंडीने कडक होणाऱ्या खोबरेल तेलाचं, आणि त्या खोलीत तिने मनाने मांडलेल्या चुलीचं. सांगता सांगता तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

पण विनीत आता निराळ्याच काळजीत पडला होता. देवाने दोनदा नाही म्हटलंय म्हणजे काहीतरी असणार. एजंटला नको म्हणून कळवू या, म्हणाला. कालपर्यंत हाच पोरगा डोंगर डोंगर करत होता. प्राची त्याच्याशी वाद घालायला लागली, तशी मालनने तिला थांबवलं आणि रघूला फोन लावायला सांगितला.

रघू देवळातच होता. त्याने पुन्हा पाकळ्या भिजवल्या, चिकटवल्या, आणि विचारलं, वैनी, प्रश्न काय घालू?

मालन विचार करू लागली. पोरांनी जावं का, हे विचारून झालं होतं. जयवंताने जावं का, हेही एकदा विचारून झालं होतं. या घरातून त्या देवाला कितीतरी प्रश्न गेले होते, लग्नाचे, आजाराचे, नोकरीचे. त्यांतल्या एकातही मालनला काय हवंय, असं कुणी घातलं नव्हतं. आता घालावं तर दोन पाकळ्या तिचं ठरवणार. आणि तिचं तर ठरून चाळीस वर्षं झाली होती.

"रघू, आज इचारू नको," ती म्हणाली. "गाऱ्हाणा घाल."

गाऱ्हाणं म्हणजे विचारणं नव्हे. जे आहे ते देवाच्या कानावर घालायचं आणि सांभाळ म्हणायचं. रघू गोंधळला. "काय म्हणून घालू?"

मालनने पदर नीट केला आणि फोन प्राचीच्या हातातून आपल्या हातात घेतला.

"म्हण, तुजी मालन पाचगणीक जाता. तुजो नकार तिना ऐकल्यान. पयलो पण ऐकल्यान, आणि मानल्यान. आता ती एकदा बघूक जाता, ता काय आसा ता. पोरां तिच्यावांगडा येतत. रागवाचा आसात तर तिच्यार रागव, पोरांवर नको."

विनीत आईकडे बघत राहिला, मग त्याने चपला बाजूला सारल्या आणि फोनसमोर हात जोडून उभा राहिला.

"वैनी," रघू म्हणाला, "असा गाऱ्हाणा मी अजून घालूक नाय."

"मग आज घाल."

रघू पाषाणाकडे वळला. त्याने हात जोडले आणि मोठ्याने मालनचं नाव घेतलं. अमक्याची सून, तमक्याची बायको, विनीतची आई असं काही न लावता, नुसतं मालन. देवापुढे तिचं एकटीचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं.