हो की नाही, एवढंच मी विचारू शकतो

"दादा, गेममध्ये तू दर वेळी सगळ्यात श्रीमंत क्लबच का घेतोस? हरायला घाबरतोस का?"

हा प्रश्न विचारायची पैज मनाली आणि ऋता या मैत्रिणींनी पायलशी लावली होती. पायलने तो माझ्यासमोर उभं राहून, चांगला मोठ्याने विचारला. तिच्या मोठ्या भावाचा, धम्मदीपदादाचा चेहरा पडला. मैत्रिणी खिदळल्या. मित्रांनो, पुढचं सगळं त्या हशातूनच निघालं.

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. उल्हासनगरच्या एका दुकानात मला जोडलं. डबा एकाचा, मॉनिटर दुसऱ्याचा, माउस तर कुणाचा ते मलाही माहीत नाही! पायलच्या पप्पांनी मला रिक्षात मांडीवर घेऊन बदलापूरला, बेलवलीत आणलं. आनंदनगरच्या कारखान्यातून आले की ते आधी माझ्यावरची धूळ पुसत. आईने माझ्यासाठी क्रोशाचा रुमाल विणला. काय ती ऐट होती माझी!

२००६ च्या सुट्टीत दादाने फुटबॉलच्या गेमची सीडी आणली. दक्षिण अमेरिकेतला एक क्लब निवडायचा आणि त्याचं मॅनेजर व्हायचं. दादाने ब्राझीलचा बडा क्लब घेतला. पायलने ब्युनोस आयर्सच्या रेल्वे कामगारांच्या वस्तीतला, सगळ्यात खालच्या डिव्हिजनचा घेतला.

"हा कसला भंगार क्लब?" दादा म्हणाला.

"तिथे लोक क्लब निवडत नाहीत, दादा. आजोबांचा तोच नातवाचा. हरला तरी बदलत नाहीत."

वर्षभर ती अभ्यास आटोपून रोज तासभर बसली. रामिरो नावाच्या सतरा वर्षांच्या पोराला तिने ज्युनियर टीममधून वर आणलं. त्याने गोल केला की ती माझ्या डोक्यावर थाप मारायची. मला कधी लागलं नाही. वरच्या डिव्हिजनमध्ये जायला एकच मॅच जिंकायची उरली होती.

त्याच आठवड्यात मैत्रिणींसमोरचा तो हशा झाला, आणि लगेच गेममध्ये दादाच्या श्रीमंत क्लबने दादाला काढून टाकलं. पायल शाळेत होती. दादाने तिचा गेम उघडला, रामिरोला त्याच बड्या क्लबला विकलं, शेवटची मॅच स्वतः खेळला आणि हरला.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. 'जुन्यावर नवीन सेव्ह करायचं?' एवढंच विचारता येतं. मी विचारलं. त्याने 'हो' दाबलं.

पायल आली. दप्तर अजून पाठीवरच होतं. "माझा रामिरो कुठंय?"

"विकला. चिल मार ना, खोटा प्लेअर होता तो!"

"खोटा होता, तर स्वतःला काढलं म्हणून माझ्यावर राग का काढलास?"

आई आतून म्हणाली, "पायल, मोठा आहे तो. जाऊ दे. गेमच आहे ना?"

पप्पा सवयीने माझ्यावरची धूळ पुसत राहिले. त्या दिवशी मला तो हात नकोसा झाला.

मला जपा, असं मी सांगणार नाही. माझा पंखा आता खरखरतो, मी तसाही फार दिवसांचा नाही. पण मित्रांनो, माझ्या पोटात कुणीतरी वर्षभर जपलेलं काही असतं. 'हो' दाबण्याआधी ते कुणाचं आहे, एवढं तरी बघा.

त्या रात्री जेवता जेवता पायल ताटावरून उठली आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

"आई, पप्पा, ऐका. मी क्लब बदलणार नाही. रामिरोशिवाय, परत खालून, तोच खेळणार. दादाला तो प्रश्न पुन्हा विचारणार नाही, उत्तर मिळालं मला. आणि आजपासून कॉम्प्युटरला पासवर्ड आहे. तो दादालाच काय, तुम्हा दोघांनाही सांगणार नाही."