बोगद्यातलं मांजर

शब्दकोशाचा तिसरा खंड सध्या माझ्या बायकोच्या ब्रेकमागे असतो. ती कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळते, आणि ब्रेकवर असा पाय देते की ब्रेक-ॲक्सिलरेटरच्या पायट्यांची पाटी फरशीवरून घसरत मागे जाते. पाटी आणि भिंत यांच्यामधे अडसर म्हणून ठेवायला घरात तेवढी जड आणि न हलणारी वस्तू दुसरी नाही. "तुम्ही आहात म्हणा," ती म्हणते, "पण तुम्ही सारखे चहाला उठता."

तिची सगळी हयात शिवणयंत्रावर गेली. दुकान बंद केल्यावर ती घरातल्या पडद्यांच्या किनारी उसवून पुन्हा घालायला लागली, तेव्हा आमच्या नातीला राहवलं नाही. या नातीला लहानपणापासून सगळे ठिणगी म्हणतात. सुट्टी संपवून होस्टेलवर परत जाताना तिने आपला जुना कॉम्प्युटर, स्टिअरिंग आणि पायट्या आजीच्या हवाली केल्या. गंमत म्हणून दिलेल्या त्या वस्तूंवर आजीने महिन्याभरात नातीला मागे टाकलं. वळणावर ब्रेक दाबण्यापेक्षा तो हळूहळू सोडण्यात कसब असतं म्हणे, आणि ते तिच्या पायात आधीपासूनच होतं. आता ती हौशी लोकांच्या एका स्पर्धेत खेळते. माणसं आपापल्या घरी बसतात आणि गाड्या एका रस्त्यावर पळतात. तिच्या संघाची कप्तान दातांची डॉक्टर आहे. ती हिला मावशी म्हणते.

कॉम्प्युटर जुना, त्यातलं चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड त्याहून जुनं. म्हणून ठिणगीने ते कार्ड ओव्हरक्लॉक करून दिलं होतं, म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळायला लावलं होतं. तेव्हापासून चित्र झकास दिसत होतं. पण मधूनच मांजर यायला लागलं.

हा आमच्या घरातला शब्द. शर्यत चालू असताना एकदम स्क्रीन काळी होते, इंजिनाचा आवाज एका सुरात अडकतो, आणि मग गेम नाहीसा होऊन मागचं चित्र दिसायला लागतं. ते चित्र ठिणगीने लावलेलं आहे: खुर्चीवर पाय पसरून झोपलेलं एक पिवळं मांजर. त्याच्या चेहऱ्यावर आपलं काही चुकलं आहे असा भाव अजिबात नाही.

अंतिम शर्यत दुपारी होती. त्या सकाळी सरावात मांजर आलं, आणि कप्तानबाईंचा आवाज हेडफोनमधून मलाही ऐकू आला, कारण हिला कमी ऐकू येतं म्हणून ती आवाज मोठा ठेवते.

"मावशी, राग मानू नका. शर्यतीत तुम्ही गळालात तर संघ गेला. जेवायच्या आत एक अख्खी सरावाची शर्यत न अडकता पुरी करून दाखवा. नाहीतर मला राखीव मुलीला उतरवावं लागेल."

"राखीव मुलीला दुसऱ्या वळणावर भिंत दिसत नाही."

"पण तिचा कॉम्प्युटर बंद पडत नाही, मावशी."

हिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि त्याची वायर बोटाला गुंडाळत बसली. दुकान बंद केलं त्या दिवशी ती मापाची फीत अशीच बोटाला गुंडाळत बसली होती. मी पुस्तकातून मान वर केली, पण बोललो नाही. ज्यातलं कळत नाही त्यात बोलू नये, असा माझा स्वभाव आहे. ज्यातलं कळतं त्यातही मी फारसा बोलत नाही.

मग हिने ठिणगीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो टेबलावर उताणा ठेवला.

"आजी, ओव्हरक्लॉक काढून बघू आधी. म्हणजे दोष त्याचाच आहे का ते कळेल."

तसं केलं. मांजर आलं नाही, पण सुरुवातीच्या वळणावर सगळ्या गाड्या एकत्र आल्या की चित्र तुटक तुटक दिसायला लागलं.

"मला समोरच्या गाडीचा मागचा दिवा दिसतो, मग एकदम तिची काच दिसते," ही म्हणाली. "मधलं काय झालं ते मला कोण सांगणार?"

"बरं, म्हणजे तो काढून चालणार नाही. आजोबा, तुम्ही आहात का तिथे?"

"आहे."

"कॅबिनेटची बाजूची झडप काढा. धूळ असेल."

धूळ होती. रंगवायचा जुना ब्रश आणून मी ती झाडली. मग ठिणगीने कार्डाला वीज पुरवणाऱ्या वायरी घट्ट बसल्या आहेत का ते पाहायला लावलं; बसल्या होत्या. मग ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, काढून पुन्हा घालायला लावला. गाड्यांचा गेम आहे म्हणून त्याला ड्रायव्हर म्हणतात असं मी समजत होतो, आणि तसं बोलूनही गेलो. ठिणगी फोनवर इतकी हसली की तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने काय झालं म्हणून विचारलं. ओव्हरक्लॉक परत चालू केला आणि मांजर पुन्हा आलं.

"मग उष्णतेमुळेच असणार. टेबलफॅन आहे ना? उघड्या कॅबिनेटसमोर लावा, पूर्ण जोरात."

मी फॅन आणून लावला. हिच्या पाठीमागे, पुस्तक मिटून, उभा राहिलो. गाडी डोंगराच्या वळणांवरून सुसाट खाली आली, गर्दीतून निघाली, बोगद्यात शिरली आणि मांजर आलं. मघापेक्षाही लवकर. मघाशी निदान दोन फेऱ्या झाल्या होत्या, या वेळी पहिल्याच फेरीत.

"अहो, फॅन बंद करा, माझे पाय गारठले," ही म्हणाली. "ठिणगे, तुझ्या औषधाने दुखणं वाढलं बघ."

"असं कसं होईल? गार केल्यावर बिघडतं असं कसं होईल?"

ही घड्याळाकडे बघायला लागली. माझ्या मनात मात्र एक गोष्ट घोळायला लागली होती, आणि ती इतकी बाळबोध होती की बोलायची लाज वाटत होती. मी चहा टाकायला गेलो.

माझं आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेलं. त्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. अवघड जोडाक्षरात चूक राहत नाही, कारण तिथे डोळा जागा असतो. चूक राहते ती अवघड परिच्छेद संपल्यावरच्या साध्या ओळीत, 'आणि'च्या वेलांटीत. जीव टाकून वाचलेलं असतं, आता सोपं आलं म्हणून डोळा उधळतो आणि चुकीवरून सरळ निघून जातो. आता, माणसाच्या डोळ्याचं एका यंत्राशी काय देणंघेणं? मी दोनदा स्वतःला गप्प केलं. चहा उतू गेला.

कप घेऊन आलो तर ही राखीव मुलीला काय काय सांगावं लागेल ते मोठ्याने मोजत होती: दुसऱ्या वळणावर झाडाकडे बघ, भिंतीकडे बघू नकोस. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पुन्हा पुस्तक उघडलं असतं.

"अगं, एक विचारू?" मी म्हणालो. "नाही, म्हणजे, चुकीचं असेल."

"विचारा हो. आता आणखी काय बिघडायचंय?"

"मांजर गर्दीत कधी आलं का? वळणावर, सगळ्या गाड्या समोर असताना?"

ती विचार करायला लागली.

"मला वाटतं, या रस्त्यावर ते दर वेळी बोगद्यातच येतं," मी म्हणालो. "आणि गेल्या आठवड्यात तो दुसरा रस्ता होता, त्यात चढ संपल्यावर नुसतं आभाळ दिसतं, तिथे आलं होतं. म्हणजे जिथे चित्रात काहीच नाही तिथे. ते दमून पडत नाही. त्याला सोपं काम मिळालं की पडतं. असं मला आपलं वाटतं."

मला वाटलं, फोनवर ठिणगी हसू दाबते आहे.

हिने मात्र कप खाली ठेवला. "जाड शिवणीवरून पातळ कापडावर उतरलं की यंत्र उधळतं," ती म्हणाली. "पाय तोच असतो, पण जोर एकदम उरतो. दोरा तिथेच तुटतो, जाड शिवणीत नाही."

"थांबा," ठिणगी म्हणाली. "थांबा, थांबा. आजी, सराव चालू कर. गाडी बोगद्यात ने आणि भिंतीकडे तोंड करून नुसती उभी कर. आजोबा, फॅन लावा."

गाडी भिंतीला नाक लावून उभी राहिली. समोर करडी भिंत, वर एक दिवा. आम्ही दोघं त्या भिंतीकडे पाहत बसलो. इतक्या एकाग्रतेने आम्ही लग्नाच्या फोटोतही एकत्र पाहिलेलं नाही. दिवा, भिंत, दिवा, भिंत. मग स्क्रीन काळी झाली आणि मांजर आलं.

"आलं," आम्ही एकदमच म्हणालो, आणि पलीकडे ठिणगीने टाळ्या वाजवल्या. कॉम्प्युटर बंद पडल्याचा आनंद आमच्या घरात पहिल्यांदाच झाला.

"माझंच चुकलं," ती भरभर बोलायला लागली. "स्क्रीनला लागतात तेवढीच चित्रं कार्ड काढतं. बोगद्यात काढायला काही नाही, म्हणजे त्याला फुरसत. फुरसत मिळाली, वीज उरली, की ते आपणहून वेग आणखी वाढवतं. गार असेल तर अजूनच. त्यात मी वरून ढकललेला वेग आहेच, मग त्या वरच्या टोकाला ते कोलमडतं. आणि मी तपासलं ते त्याला पार दमवून. दमवल्यावर ते त्या टोकाला पोचतच नाही."

"मग आता?" हिने विचारलं.

"आता टोक कापायचं. गर्दीत लागतो तेवढा वेग ठेवायचा, त्याच्या वर जाऊच द्यायचं नाही. आजोबा, माउस तुम्ही घ्या. आजी उतावीळ आहे."

स्क्रीनवर एक आलेख उघडला. डावीकडून उजवीकडे चढत जाणारी टिंबांची रांग. ठिणगीने एक टिंब सांगितलं आणि त्याच्या पुढची सगळी टिंबं त्याच्याच पातळीला ओढायला लावली. टिंबं बारीक होती आणि हात लावला की शेजारची हलायची. हे काम मात्र मला येत होतं. अनुस्वार जागेवर बसवण्याची सवय बोटांना होती. चढ होता तिथे सपाट पठार झालं.

"सरळ शिवलंत हो," ही मागून म्हणाली.

गाडी पुन्हा भिंतीला नाक लावून उभी केली. फॅन पूर्ण जोरात. चहा पिऊन झाला, हिने केस विंचरले, मी शब्दकोश सरळ करून ठेवला. भिंत भिंतच राहिली. मग तिने अख्खी सरावाची शर्यत पुरी केली आणि हेडफोनमधे फक्त एवढंच म्हणाली, "राखीव मुलीला जेवून घ्यायला सांगा."

दुपारी मी माझी खुर्ची तिच्या खुर्चीशेजारी आणून बसलो. पुस्तक आणलं नव्हतं. सुरुवातीच्या वळणावर सगळ्या गाड्या एकमेकींना खेटल्या आणि चित्र तुपासारखं वाहत राहिलं. दोघंजण भिंतीवर गेले, ही मधल्या फटीतून सुईतल्या दोऱ्यासारखी निघाली. पहिल्यांदा बोगदा आला तेव्हा मी टेबलाची कड धरली. अंधार, दिवे, आणि पलीकडे ऊन. दुसऱ्यांदाही ऊन. मग मी मोजायचं सोडलं.

"मावशी, पुढे जांभळी गाडी आहे," कप्तानबाई म्हणाल्या. "ती मागे पडली तर चषक आपला. पण शेवटची फेरी आहे. जोखीम नको, मावशी."

"बरं," ही म्हणाली आणि तिने जोखीम घेतली.

जांभळी गाडी बोगद्यात शिरताना थोडी दबकली. सगळेच दबकतात, अंधारात. हिने ब्रेकवरचा पाय अगदी सावकाश, कापड सोडावं तसा सोडला, आणि दिव्यांखालून तिच्या बाजूला गेली. करडी भिंत इतकी जवळ होती की स्क्रीनवर दुसरं काही उरलंच नाही. कार्डाला काढायला काहीच नव्हतं. भिंत संपली, ऊन आलं, आणि जांभळी गाडी आरशात होती.

शेवटची रेषा ओलांडल्यावर हेडफोनमधून इतका आरडाओरडा झाला की तिने तो काढून माझ्या हातात दिला. कप्तानबाई "मावशी, मावशी" एवढंच म्हणत होत्या. मी म्हणालो, "मावशी पाणी पितायत. मी काका बोलतोय." त्यावर संघातल्या सगळ्या एकदम थांबल्या, आणि मग काकांसाठी वेगळा आरडाओरडा झाला. मी हेडफोन हळूच टेबलावर ठेवला.

तिने गेम स्वतः बंद केला. मांजर आलं, पाय पसरून, काहीच न घडल्यासारखं.

"ठिणगीला विचारा हे चित्र बदलायचं कसं," मी म्हणालो.

"राहू दे," ती म्हणाली, आणि वाकून शब्दकोश भिंतीकडे आणखी सरकवला. "उद्या सकाळी सराव आहे. बसाल ना शेजारी?"