मास्तरांचं रक्त

मास्तरांचं उजवं कोपर गेलं हे शिंप्याच्या दुकानातल्या सगळ्यांना कळलं होतं. कबूल करायला तयार नव्हते ते फक्त मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी कापडच कापलं होतं. बारा इंची कातर, चार पदरी कापड आणि तोंडात एकच वाक्य, "इंच म्हणजे इंच." आता चहाचा कप उचलतानाही कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ यायची आणि कप बशीत खडखडायचा. मलमं झाली, पट्टा झाला, शेक झाले. कशाचाही गुण आला नाही.

शेवटी डॉक्टरांनी पीआरपीचं इंजेक्शन सुचवलं. हातातून रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, लाल भाग खाली बसला की वरचं पिवळट पाणी घ्यायचं आणि कोपराच्या दुखऱ्या स्नायुबंधात सोडायचं. "आपलंच रक्त, आपलीच दुरुस्ती," मास्तर घरी येऊन बायकोला म्हणाले. दुसऱ्याच्या हातचं काम आयुष्यात कधी न आवडलेल्या माणसाला हा उपाय पटला यात नवल नव्हतं.

मालकांनी सहा आठवडे दिले. "तोवर कातर तुमचीच, मास्तर. पण पुढं सीझन आहे. टेबल रिकामं ठेवणं मला नाही जमणार." हे ते अगदी नरमाईनं बोलले, म्हणून मास्तरांच्या बायकोला जास्तच लागलं. टेबल गेलं तर हा माणूस घरी बसून काय करणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काहीच करणार नाही. नुसता वाळत जाईल.

इंजेक्शननंतर दुखणं चौपट झालं. तसं होणारच, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणे.

"मग गोळी घ्या की," ती म्हणाली. तिच्या गुडघ्यासाठी आणलेल्या पिवळ्या गोळ्या डब्यात पडून होत्या.

"सहा आठवडे गोळी घ्यायची नाही."

"का?"

"डॉक्टर म्हणाले."

"अहो, पण का ते विचारलंत का?"

"गिऱ्हाईक म्हणालं बाही एवढीच हवी, तर मी का म्हणून विचारतो का?"

झालं, विषय संपला. डॉक्टरांनी कारण सांगितलं असणारच. पण कारणं घरी घेऊन येण्याची या गृहस्थांना सवय नव्हती. पोटाला जपा, उपाशीपोटी घेऊ नका, असलंच काहीतरी असणार आणि यांनी त्याचा कायदा करून टाकला, असं ती धरून चालली.

तीन दिवस तिनं बघितलं. मास्तर खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसायचे. तोंडातून ब्र नाही, पण कपाळावर घाम. चौथ्या दिवशी सकाळी तिचा धीर सुटला. एका गोळीनं काय आभाळ कोसळणार आहे, असं म्हणत तिनं लाटण्याच्या टोकानं गोळी भरडली आणि त्यांच्या चहात ढवळली. कडू लागू नये म्हणून दोन चमचे साखर जास्त घातली.

तासाभरात मास्तरांचा चेहरा सैलावला. दुपारी तर ते चक्क घोरत पडले. तिला इतकं बरं वाटलं की संध्याकाळच्या चहातही तिनं तेच केलं, आणि मग रोजच. बारा दिवस.

"रक्त कामाला लागलंय माझं," मास्तर शेजाऱ्याला, फोनवर बहिणीला, ज्याला त्याला सांगत सुटले. एरवी दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस. ती मान डोलवायची. मनातून खूशही होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

गोळ्या संपल्या आणि आठवड्याभरात कळ परत आली, जशीच्या तशी.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांकडे तीही बरोबर गेली. डॉक्टरांनी मास्तरांना पालथ्या हातानं खुर्ची उचलायला सांगितली. खुर्चीचे पाय जरासे हलले आणि टेकले.

"मध्ये दुखण्याची गोळी नाही ना घेतलीत?"

"एकही नाही," मास्तर ताठ बसून म्हणाले.

"बरं केलंत. सूज येते, तिच्यातूनच स्नायुबंध सांधला जातो. गोळीनं ती सूजच मारली, तर सगळं मुसळ केरात." डॉक्टर कागदावर काहीतरी लिहू लागले. "तसं सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही. काहींना गुण येतो, काहींना नाही. आता मात्र गोळ्या घ्या. थोडा आराम पडेल."

ती पर्सचा पट्टा घट्ट धरून बसली. आत्ता बोल, असं स्वतःला म्हणत राहिली. आणि डॉक्टरांनी पुढं केलेला औषधाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

रस्त्यात मास्तर म्हणाले, "रक्तातच कस नाही माझ्या."

"असं काय बोलता?"

"कापडच विरलेलं असलं की कितीही टाके घाल, उसवणारच."

सोमवारी ते दुकानात जाऊन आले. टेबलावर विजेवर चालणारं कटर आलं होतं आणि ते चालवणारा नवा माणूसही. मालकांनी मास्तरांना खुर्ची दिली, पाणी दिलं. कातर मास्तर वर्तमानपत्रात गुंडाळून घरी घेऊन आले आणि तिला म्हणाले, "ठेव कुठंतरी."

संध्याकाळी तिनं औषधाची पुडी उघडली. आत तीच पिवळी गोळी. पण आता करणार काय? तिनं पाण्याचा पेला आणला.

"मोठी आहे. अर्धी करून दे," मास्तर म्हणाले.

तिनं गोळी मोडून दिली. त्यांनी ती जिभेवर ठेवली आणि पेला घ्यायला पुढं केलेला हात तसाच थांबला. ते गोळी चघळत राहिले. मग सावकाश मान वळवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती, आता ओरडतील, पेला भिरकावतील. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"हाच कडवटपणा. म्हणून तेव्हा चहा इतका गोड असायचा," ते म्हणाले.

"माझ्याच्यानं बघवत नव्हतं हो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मास्तरांनी तिच्या हातून पेला घेतला, पाणी प्यायले. डाव्या हातानं उजवं कोपर कुरवाळू लागले. बोलले तेव्हा आवाजात राग नव्हता. होतं ते समाधान, आणि तेच तिला सोसवेना.

"म्हणजे रक्त चांगलं होतं माझं," ते म्हणाले.